नव्या उत्पादनांच्या विकासात औद्योगिक ग्राहकांचा सहभाग

यंत्रे, सुटे भाग, रसायने, उपकरणे किंवा सॉफ्टवेअर पुरवणारी कंपनी नवे उत्पादन घडवत असताना ते वापरणाऱ्या ग्राहक-कंपन्यांना कल्पना, आराखडा, नमुना आणि चाचणी या टप्प्यांवर प्रत्यक्ष कामात सामील करून घेते, त्या पद्धतीला हे नाव आहे. बाजार-पाहणीत ग्राहकाचे मत विचारले जाते. येथे तो निर्णयात भाग घेतो.

अमेरिकी संशोधक एरिक व्हॉन हिपेल यांनी १९७६ मध्ये दाखवून दिले की, वैज्ञानिक उपकरणांतील ज्या सुधारणा वापरकर्त्यांना महत्त्वाच्या वाटत होत्या, त्यांपैकी सुमारे ८० टक्के सुधारणांची कल्पना, पहिला नमुना आणि पहिला वापर वापरकर्त्यांचाच होता. बाजाराच्या आधी गरज जाणवणाऱ्या आणि ती भागल्यास मोठा लाभ होणाऱ्या अशा ग्राहकांना त्यांनी १९८६ मध्ये ‘अग्रणी वापरकर्ते’ म्हटले. वापरातून आलेले हे ज्ञान कागदावर पूर्णपणे उतरत नाही, म्हणूनच केवळ खरेदी विभागाशी झालेली चर्चा अपुरी पडते. यंत्र चालवणारे आणि त्याची देखभाल करणारे कर्मचारी चर्चेत असणे अत्यावश्यक आहे.

बोइंग ७७७ हे प्रवासी विमान या पद्धतीचे ठळक उदाहरण होय. १९९० मध्ये बोइंगने युनायटेड, ब्रिटिश एअरवेज, क्वांटास यांच्यासह आठ विमान कंपन्यांना आराखड्याच्या कामात बोलावले. त्यांच्या आग्रहातून प्रवासी कक्षाची रुंदी आणि आसनव्यवस्था सहज बदलण्याची सोय यांसारख्या बाबी ठरल्या, आणि जून १९९५ मध्ये विमान युनायटेडच्या सेवेत दाखल झाले. लहान विमानांच्या जागेत उभे करता यावे म्हणून पंखांची टोके दुमडण्याचा पर्यायही देऊ केला होता. तो मात्र एकाही कंपनीने घेतला नाही. इच्छा व्यक्त करणे आणि पैसे मोजणे यांतील हे अंतर पुरवठादाराने प्रत्येक मागणीच्या वेळी तपासले पाहिजे.

खरी जोखीम ग्राहकांच्या निवडीत असते. मिनी-संगणक (वैयक्तिक संगणकांपेक्षा मोठे, कार्यालयीन संगणक) बनवणाऱ्या ग्राहकांना अधिक साठवणक्षमता हवी होती, म्हणून माहिती साठवणाऱ्या ८ इंची डिस्क ड्राइव्हच्या अनेक उत्पादकांनी १९८० मध्ये आलेल्या, कमी क्षमतेच्या ५.२५ इंची ड्राइव्हकडे उशिरा लक्ष दिले. तोवर वैयक्तिक संगणकांची बाजारपेठ नवख्या कंपन्यांनी व्यापली होती. एकाच मोठ्या ग्राहकाच्या सोयीने घडवलेले उत्पादन इतरांना विकणेही अवघड जाते. परस्परांशी स्पर्धा करणारे ग्राहक एकत्र आणल्यास गोपनीयतेचा प्रश्न उद्भवतो. त्यामुळे संयुक्त कामातून निघालेल्या पेटंटची मालकी आणि उत्पादन इतरांना विकण्याचा अधिकार यांबाबतचा करार पहिला नमुना तयार होण्यापूर्वीच करणे इष्ट ठरते.