लेबर रूममध्ये: आतली तपासणी मोजकी, बाळाचे ठोके वेळच्या वेळी

(आमच्या प्रसूतिगृहात नाव नोंदवलेल्या प्रत्येकीसाठी आणि तिच्या घरच्यांसाठी)

नववा महिना लागला की आम्ही हे पत्रक हातात देतो. सोबत येणाऱ्या आईने, सासूबाईंनी, नवऱ्यानेही ते वाचावं. कळा सुरू झाल्यावर समजावून सांगायला उसंत नसते, आणि बाहेर बाकावर बसलेल्यांचा जीव टांगणीला लागलेला असतो.

आम्हाला सगळ्यात जास्त विचारले जाणारे प्रश्न दोन. "किती उघडलंय ते परत एकदा बघा ना" आणि "ठोक्यांचं मशीन सारखं लावून का ठेवत नाही?"

आतली तपासणी दर तासाला का नाही

गर्भपिशवीचं तोंड किती उघडलं हे कळायला हातमोजा घालून आतून तपासावं लागतं. पाण्याची पिशवी शाबूत असते तोवर बाळाला तिचं संरक्षण असतं. ती फुटली की योनिमार्गातल्या जंतूंना वर जायला वाट मोकळी होते, आणि दर तपासणीला ते बोटांबरोबर थोडे आत ढकलले जातात. हातमोजा निर्जंतुक असला तरीही. म्हणून तोंड पाच सेंटिमीटर उघडून कळा जोरात सुरू झाल्या की आम्ही साधारण चार तासांनी एकदा तपासतो. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसही हीच आहे. त्याआधी तपासलं तर त्याला कारण असतं: ठोके बदलले, पाणी गेलं किंवा तिला खाली जोर लावावासा वाटू लागला. बाहेरच्यांना प्रगती कळावी एवढ्यासाठी आम्ही तपासणार नाही. आग्रह करू नका.

कळा नसताना घरी पाणी गेलं तर वेळ लिहून ठेवा, स्वच्छ पॅड लावा, पाण्याचा रंग बघा आणि निघा. पाणी हिरवट किंवा वासाचं असेल तर फोनवरच तसं सांगा. "कळा येऊ देत, मग जाऊ" असं म्हणून थांबू नका. पाणी जाऊन १८ तास उलटले की बाळाला जंतुसंसर्ग होण्याची भीती वाढते. ३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आत पाणी गेलं असेल तर अँटिबायोटिकही सुरू करावं लागतं.

हात, हत्यारं आणि जे आम्ही करत नाही

आमच्या सिस्टरच्या हातात बांगडी, अंगठी, घड्याळ दिसणार नाही. साबणाने हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात, सॅनिटायझर चोळायला २० ते ३०. "सिस्टर, हात धुतले का?" असं कोणीही खुशाल विचारावं, अगदी डॉक्टरांनाही. कोणाला राग येणार नाही.

प्रत्येक बाळंतपणाला कात्री, चिमटे, कापड यांचा वेगळा संच उघडला जातो. तो ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसला, वाफेच्या दाबाखाली ३० मिनिटं ठेवलेला असतो. संचावरच्या चिकटपट्टीवर काळ्या रेघा उमटलेल्या दिसतील. त्यावरून फक्त संच मशीनमधून गेला एवढंच कळतं. वाफ आतपर्यंत पोचली का हे सांगणारी दुसरी पट्टी संचाच्या आत असते, आणि आम्ही ती बघूनच पुढे जातो. हवी तर तुम्हालाही दाखवू.

खालचे केस सरसकट काढत नाही, कारण वस्तऱ्याने कातडीला बारीक चिरा पडतात आणि जंतूंना तिथेच थारा मिळतो. घरूनही काढून येऊ नका. एनिमा देत नाही. साध्या बाळंतपणात खबरदारी म्हणून अँटिबायोटिकही देत नाही. हे ऐकून पुष्कळांना काळजी वाटते, पण गरज नसताना दिलेलं औषध पुढे गरजेच्या वेळी कमी पडतं. जिथे हवं तिथे मात्र चुकवत नाही. सिझर असेल तर चीर देण्याआधी तासाभराच्या आत इंजेक्शन देतो. खोल फाटलं किंवा वार हाताने काढावी लागली तरीही देतो.

बाळाचे ठोके

कळ आली की गर्भपिशवी आवळते आणि वारेतून बाळाला जाणारं रक्त तेवढ्यापुरतं कमी होतं. धट्टंकट्टं बाळ हे सहज सोसतं. ज्याला ते झेपत नाही, त्याचे ठोके कळ ओसरल्यावरही मंद राहतात. म्हणून दोन कळांच्या मधे घाईत डॉपलर (पोटावर टेकवून ठोके ऐकायचं हातातलं छोटं मशीन) टेकवून "चांगले आहेत" म्हणण्यात अर्थ नसतो. सिस्टर एक हात पोटावर ठेवून कळ ओळखते, कळ उतरू लागली की डॉपलर लावते आणि पूर्ण एक मिनिट मोजते. त्याच वेळी आईच्या मनगटाची नाडी बघते, कारण घाबरलेल्या आईची नाडी १२०-१३० ला गेलेली असते आणि मशीनवर तीच बाळाची म्हणून ऐकू येऊ शकते. मिनिटाला ११० ते १६० हे ठोके ठीक. तोंड उघडत असताना दर अर्ध्या तासाला, गरजेप्रमाणे पंधरा मिनिटांनी ऐकतो. जोर लावण्याची वेळ आली की दर पाच मिनिटांनी. प्रत्येक नोंद वेळेसकट लिहिली जाते.

मग पोटाला पट्टे बांधून कागदावर आलेख काढणारं सीटीजी मशीन सगळ्यांना सतत का नाही? आयर्लंडमध्ये डब्लिनला सुमारे १३,००० बाळंतपणांवर या प्रश्नाचा मोठा अभ्यास झाला आणि १९८५ मध्ये छापून आला. सतत मशीन लावलेल्या गटात बाळांना जन्मानंतर झटके येण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं, पण दगावणाऱ्या बाळांच्या संख्येत फरक पडला नाही. नंतरचे अभ्यास एकत्र केल्यावर दिसलं, की सतत मशीन लावल्याने सिझर वाढतात आणि सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने बाळाच्या हालचालींवर कायमचा परिणाम होणं) मात्र कमी होत नाही. शिवाय पट्टे बांधलेली बाई कॉटवर अडकून पडते, आणि चालण्याने, कूस बदलण्याने कळा सोसायला मिळणारा आधार जातो.

म्हणून जोखीम नसलेल्या बाळंतपणात आम्ही वेळेवर, नीट ऐकण्यावर भर देतो. बीपी वाढलेलं, मधुमेह, आधीचं सिझर, जुळी, वाढ कमी असलेलं किंवा कमी दिवसांचं बाळ, हिरवट पाणी, कळांचं सलाईन लावलेलं, अंगात ताप: यातलं काहीही असलं तर मशीन सतत लागतं, आणि तिथे आम्ही कुचराई करत नाही.

ताप आणि ठोके यांचा संबंध घरच्यांनीही लक्षात ठेवावा. गर्भपिशवीत जंतुसंसर्ग झाला की बाळाचे ठोके १६० च्या वर जाऊन तिथेच राहतात, आणि कधी कधी आईला ताप चढायच्या आधीच हे दिसतं. म्हणून आईचा ताप दर चार तासांनी मोजतो. १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आणि सोबत बाळाचे वाढलेले ठोके असतील, तर शिरेतून अँटिबायोटिक लगेच सुरू होतं. तेव्हा "नुसता अंगात कणकण आहे" म्हणून लपवू नका, आणि येण्याआधी तापाची गोळी घेतली असेल तर सांगा.

ठोके घसरले तर आत एकदम धावपळ सुरू होईल. तिला डाव्या कुशीवर वळवतील, कळांचं सलाईन बंद करतील, नाळ खाली सरकली नाही ना हे आतून तपासतील, डॉक्टरांना हाक मारतील. बऱ्याचदा एवढ्यानेच ठोके सावरतात. नाही सावरले तर तातडीने सिझर करावं लागतं. कारण दोन वाक्यांत सांगू. तेवढ्यावर निर्णय घ्यायची तयारी ठेवा.

घरी डॉपलर विकत घ्यावा का, असंही विचारतात. आमचं मत, घेऊ नये. आईचीच नाडी ऐकून निर्धास्त राहिल्याने उशीर होतो. बाळाची हालचाल कमी वाटली तर ठोके ऐकत बसू नका, इकडे या.

सोबत एक बाई

लेबर रूममध्ये तिच्या पसंतीची एक बाई थांबू शकते. तिला सर्दी-खोकला, ताप किंवा हातावर गळू-जखम नसावी. हात धुवून, चपला बाहेर काढून आत यायचं. पाठ चोळा, पाणी द्या, धीर द्या. ट्रेमधल्या कशालाही हात लावू नका.

बाळ झाल्यावर

नाळ निर्जंतुक कात्रीने कापून क्लॅम्प लावतो. त्यावर हळद, तेल, कुंकू, पावडर काहीही नको. कोरडी राहिली की ती आपोआप गळते. बाळ पहिल्या तासात छातीशी आणि अंगावर घ्यायचं. मध चाटवू नका, घुटी देऊ नका. बाळंतिणीच्या खोलीत धुरीही नको, धूर बाळाच्या छातीत जातो. घरचं सुती कापड वापरायचं तर धुवून कडक उन्हात वाळवलेलं, आणि चार-सहा तासांनी बदलायचं.

घरी गेल्यावर ४२ दिवस जपायचं. बाळंतिणीला ताप किंवा थंडी वाजणं, ओटीपोटात वाढतं दुखणं, अंगावरून जाणाऱ्याला घाण वास, टाक्यांतून पू, एका तासात पॅड भिजवणारा रक्तस्राव. बाळाने दूध ओढणं सोडलं, ते गरम किंवा गार लागलं, मलूल पडलं, श्वास मिनिटाला ६० च्या वर गेला, नाळेभोवती लाली आली. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, रात्री या. गाडी मिळत नसेल तर १०८ ला फोन लावा.