बाँडच्या कपाळावरचा स्वल्पविराम

इयन फ्लेमिंगच्या पहिल्याच कादंबरीत, १९५३ साली, जेम्स बाँडच्या काळ्या केसांची एक बट येते. कितीही नीट विंचरली तरी जागेवर न राहणारी, हळूहळू ओघळून उजव्या भुवईवर स्वल्पविरामासारखी टेकणारी. पुढच्या कादंबऱ्यांतही ती भेटत राहते. शत्रूपक्षाने बाँडचं वर्णन करायचं म्हटलं तरी केसांना वगळून चालत नाही. नऊ वर्षांनी, १९६२ मध्ये, हा गुप्तहेर मोठ्या पडद्यावर आला. ज्या नटाला ही भूमिका मिळाली, त्याच्या कपाळावर मात्र अशी बट ओघळायला पुरेसे केसच नव्हते.

शॉन कॉनरीचा जन्म १९३० चा, एडिंबरामधल्या फाउंटनब्रिज या कामगारवस्तीतला. दुधाचा रतीब घाल, नौदलात जा, शवपेट्यांना पॉलिश मार, चित्रकलेच्या विद्यार्थ्यांसमोर मॉडेल म्हणून उभा राहा, असं मिळेल ते काम करत तो वाढला. शरीरसौष्ठव स्पर्धेच्या निमित्ताने लंडनला आला आणि तिथेच एका संगीतिकेच्या कोरसमध्ये शिरला. विशी ओलांडता ओलांडताच त्याचे केस गळायला लागले होते. ‘डॉक्टर नो’ या पहिल्या बाँडपटाचं चित्रीकरण झालं तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता. तेव्हापासून १९८३ पर्यंत त्याने बाँड सात वेळा साकारला आणि सातही वेळा डोक्यावर टोप चढवला.

टोप हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. आपल्याकडे विग हा शब्द रुळला तो अलीकडे. संगीत नाटकाच्या काळात पुरुष स्त्रीभूमिका करायचे, तेव्हा टोप आणि गंगावन ही रंगपटातली रोजची सामग्री होती. बालगंधर्वांच्या डोक्यावरच्या केसांकडे पाहून ‘हे खोटे आहेत’ असं कुणी खिजवल्याचं ऐकिवात नाही, कारण ते केस भूमिकेचे होते. शालूसारखे, नथीसारखे. सिनेमात हा हिशेब बदलला. तिथे प्रेक्षकाला वाटायला हवं होतं की पडद्यावर दिसतो तोच खरा माणूस आहे. त्यामुळे टोप लपवण्याची वस्तू झाली, आणि जी गोष्ट लपवली जाते तिच्याभोवती लाज साठत जाते.

या लपवण्याला मोठा आधार दिला मॅक्स फॅक्टर या माणसाने. आज ते नाव प्रसाधनांच्या डबीवर वाचायला मिळतं, पण तो मूळचा विग बनवणारा. पोलंडमध्ये जन्मला, १९०४ मध्ये अमेरिकेत गेला आणि पुढे लॉस एंजेलिसमध्ये त्याने दुकान थाटलं. सुरुवातीच्या मूकपटांत पेंढा, गादीतली भराई असलं काहीबाही वापरून केलेले टोप चालायचे. १९१४ मध्ये दिग्दर्शक सेसिल डमिलच्या एका चित्रपटासाठी त्याने माणसांच्या खऱ्या केसांचे टोप पुरवले. पुढे त्याच्या कंपनीने बारीक जाळीवर बांधलेले पुरुषांचे अर्धे टोप बनवले आणि हॉलिवूडच्या कितीतरी नायकांची कपाळं झाकली गेली.

जाळीवर केस बांधताना मी एकदा अगदी जवळून पाहिलं आहे. एका रंगभूषाकारांकडे ऐतिहासिक नाटकासाठी टोप तयार होत होता. लाकडी डोक्यावर जाळी टाचण्यांनी ताणलेली. हातात छोटी मूठ, तिच्या टोकाला माशाच्या गळासारखा आकडा असलेली सुई, पण इतकी बारीक की उजेडाकडे धरल्याशिवाय आकडा दिसत नाही. केस दुमडायचा, आकड्यात अडकवायचा, जाळीच्या एका घरातून ओढायचा, गाठ मारायची. मग पुढचा केस. मागच्या भागात एका गाठीत तीन-चार केस चालतात, कपाळाकडे येताना दोन, आणि अगदी पुढच्या रांगेत एकच. गाठ कोणत्या दिशेने ओढली यावर केस पुढे झुकणार की मागे वळणार हे ठरतं. तासाभरात रुपयाच्या नाण्याएवढीही जागा भरली नव्हती. मग नटाच्या कपाळावर डिंकाचा पातळ हात देऊन जाळीची कड दाबायची आणि वरून रंग लावायचा, म्हणजे जाळी त्वचेत विरून जाते. विरायला हवी, असं म्हणणं जास्त खरं. घाम आला की डिंक सैल पडतो, कड उचलते, आणि कॅमेरा जवळ असला की ती उचललेली कड दिसते.

हे लक्षात ठेवून ‘गोल्डफिंगर’ची सुरुवात पाहावी. रात्रीच्या पाण्यातून बाँड वर येतो. डोक्यावर खोटा सीगल पक्षी. तो बाजूला करतो, भिंत चढतो, काम उरकतो, पाणबुड्याचा पोशाख काढतो. आत पांढरा डिनर जॅकेट, त्यावर लाल फूल खोचलेलं, आणि केस जसेच्या तसे, एकही बट विस्कटलेली नाही. १९६४ सालच्या प्रेक्षकाने जॅकेटला टाळ्या दिल्या. मला त्या केसांचं जास्त कौतुक वाटतं, कारण त्यामागे कुणीतरी टेबलाशी वाकून एकेक केस गाठलेला आहे. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘थंडरबॉल’चा तर मोठा भाग पाण्याखाली घडतो. आणि १९६७ च्या ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’मध्ये बाँडला जपानी कोळ्याचं रूप देतात, तेव्हा कथेतच त्याला विग चढवला जातो. टोप घातलेला नट, त्याने उभा केलेला भरघोस केसांचा बाँड, आणि त्या बाँडने घातलेला विग. चित्रपट दुसरा विग उघडपणे दाखवतो आणि पहिल्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

त्या काळी दुसरा इलाजही नव्हता. पुरुषी संप्रेरकांचा टकलाशी संबंध आहे हे अमेरिकन शास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये मांडलं होतं. न्यू यॉर्कमध्ये नॉर्मन ओरेंट्राइक यांनी १९५२ मध्ये केसांचं रोपण करून पाहिलं होतं, पण ते तंत्र ठोकळेबाज होतं, रोपांच्या झुपक्यांसारखं दिसायचं. रक्तदाबाचं औषध म्हणून आलेलं मिनॉक्सिडिल डोक्याला लावायला अमेरिकेत १९८८ मध्ये मान्यता मिळाली आणि टकलासाठी फिनास्टेराइडची गोळी १९९७ मध्ये आली. म्हणजे कॉनरीची बाँडगिरी संपल्यानंतर.

कॉनरी काही पहिला नव्हता. हेरपटांच्या आधीच्या पिढीतही टोप होतेच. फ्रेंच नट शार्ल बोआये हॉलिवूडचा देखणा प्रेमवीर म्हणून गाजला, पण त्याचे केस तरुणपणीच गेले होते. १९४५ च्या ‘कॉन्फिडेन्शियल एजंट’मधला थकलेला हेर त्याने टोप लावूनच केला. रे मिलँडची गोष्ट आणखी चटका लावणारी आहे. १९४२ च्या एका चित्रपटासाठी त्याचे सरळ केस यंत्राने कुरळे केले गेले आणि त्यानंतर केस गळू लागले, असं तो सांगायचा. फ्रिट्झ लँगच्या ‘मिनिस्ट्री ऑफ फिअर’मध्ये नाझी हेरांच्या जाळ्यात सापडलेला साधा माणूस त्याने उभा केला तो १९४४ मध्ये. स्वतःच्या टकलासह पडद्यावर यायला त्याला १९७० च्या ‘लव्ह स्टोरी’पर्यंत थांबावं लागलं.

कॉनरीच्या केसांना मात्र वेगळंच वजन आलं, कारण बाँड हा नुसता नायक नव्हता, तो नमुना होता. दिग्दर्शक टेरेन्स यंगने कॉनरीला स्वतःच्या शिंप्याकडे आणि न्हाव्याकडे नेऊन घडवलं होतं. सूट कसा घालायचा, भांग कुठे पाडायचा, सगळं ठरवून. कॉनरीने बाँड पहिल्यांदा सोडल्यावर जॉर्ज लेझनबी नावाच्या ऑस्ट्रेलियन मॉडेलने भूमिका मिळवण्यासाठी काय केलं? कॉनरीच्या शिंप्याकडून सूट मिळवला आणि कॉनरीच्या न्हाव्याकडे जाऊन तसेच केस कापून घेतले. भूमिका त्याला मिळाली, १९६९ मध्ये चित्रपटही आला. ज्या केसांची त्याने नक्कल केली होती, ते ज्याच्या डोक्यावर दिसायचे त्याचे नव्हतेच.

आता दुसरी बाजू. मला सगळ्यात जास्त खुपते ती हीच. नायकाचं टक्कल झाकलं गेलं आणि खलनायकाचं उघडं केलं गेलं. फ्लेमिंगच्या ‘थंडरबॉल’ कादंबरीत बाँडचा कट्टर शत्रू ब्लोफेल्ड याच्या डोक्यावर काळे, बारीक कापलेले केस आहेत. सुरुवातीच्या चित्रपटांत त्याचा चेहरा दिसत नाही, फक्त हात आणि मांडीवरची पांढरी मांजर. चेहरा दाखवायची वेळ १९६७ मध्ये आली, तेव्हा डोनाल्ड प्लेझन्सला तुळतुळीत डोकं आणि डोळ्यावरून गेलेला व्रण देण्यात आला. दोन वर्षांनी टेली सॅव्हालस त्याच भूमिकेत आला, तोही गोटा करूनच. म्हणजे हे टक्कल फ्लेमिंगने दिलेलं नाही, सिनेमाने दिलेलं आहे. एका चौकटीत समोरासमोर दोन माणसं, एकाचे केस विकत आणलेले, दुसऱ्याचे काढून टाकलेले, आणि प्रेक्षकाने त्यावरून चांगला-वाईट ओळखायचा.

तो ठसा मुंबईपर्यंत आला. १९८० च्या ‘शान’मधला कुलभूषण खरबंदांचा शाकाल हा ब्लोफेल्डचाच भाऊ. बेट, यंत्रं, फिरत्या खुर्च्या आणि चकाकतं डोकं. आमच्या शाळेत टक्कल असलेल्या प्रत्येक शिक्षकाला शाकाल म्हणायची पद्धत होती. मीही म्हटलं आहे. पुढे पंचविशीतच माझं कपाळ मोठं व्हायला लागलं, स्थळ बघायचा फोटो काढताना फोटोग्राफरने तीनदा हनुवटी वर करायला लावली, तेव्हा त्या शिक्षकांची आठवण आली आणि फार वाईट वाटलं. अमरीश पुरींनी मात्र या छापाचा उपयोग उलट्या दिशेने करून घेतला. इंडियाना जोन्स मालिकेतल्या १९८४ च्या चित्रपटासाठी त्यांनी मुंडण केलं आणि डोकं तसंच ठेवलं. मोकळ्या डोक्यावर हवा तो टोप चढवता येतो, म्हणून. १९८७ मधल्या मोगॅम्बोचे सोनेरी केस त्यातूनच आले.

खऱ्या हेरांच्या जगात टोपाचं काम अगदी निराळं आहे. तिथे तो ओळख पुसण्यासाठी घालतात. अमेरिकेतल्या वॉटरगेट प्रकरणातल्या हॉवर्ड हंटला सीआयए या तिथल्या गुप्तहेर संस्थेने लाल केसांचा विग दिला होता आणि त्या विगची चर्चा पुढे चौकशीतही झाली. २०१३ च्या मे महिन्यात मॉस्कोत अमेरिकन दूतावासातल्या एका अधिकाऱ्याला हेरगिरीच्या आरोपावरून पकडलं, तेव्हा रशियन यंत्रणेने त्याच्याजवळचं सामान टेबलावर मांडून जगाला दाखवलं. त्यात रोकड होती, होकायंत्र होतं आणि दोन विग होते.

कॉनरीने स्वतः या सगळ्याचा बाऊ केला नाही. कॅमेरा बंद झाला की टोप उतरायचा आणि तो तसाच लोकांत फिरायचा. बाँड ऐन भरात असताना, १९६५ मध्येच, सिडनी ल्युमेटच्या ‘द हिल’मध्ये त्याने लष्करी तुरुंगातला कैदी केला तो टोपाविना. वाळवंटातल्या उन्हात टेकडी चढून उतरायची शिक्षा भोगणारा तो माणूस पाहिला की कळतं, या नटाची ताकद केसांत कधीच नव्हती. माझ्या मते ते त्याचं साठच्या दशकातलं सर्वांत चांगलं काम आहे आणि बाँडच्या गर्दीत ते झाकलं गेलं याची खंत वाटते. सत्तरच्या दशकात ‘द मॅन हू वुड बी किंग’, मग म्हातारा रॉबिन हूड, विरळ केस आणि पिकलेली दाढी. ‘द अनटचेबल्स’मधल्या गस्तीच्या पोलिसासाठी १९८८ मध्ये त्याला ऑस्कर मिळालं. दुसऱ्याच वर्षी ‘पीपल’ या अमेरिकन मासिकाने त्याला जगातला सर्वांत आकर्षक पुरुष ठरवलं. त्या वेळी तो एकोणसाठ वर्षांचा होता आणि त्याचं टक्कल साऱ्या जगाला माहीत होतं.

हेरपटांतही दुसरी वाट होती. यूल ब्रायनरने १९६७ च्या ‘द डबल मॅन’मध्ये सीआयएचा माणूस गुळगुळीत डोक्यानेच केला. हेरकथालेखक जॉन ल कारेचा हेर जॉर्ज स्मायली तर बुटका, जाडसर, चष्मेवाला. १९७९ मध्ये बीबीसीच्या ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’ या मालिकेत अ‍ॅलेक गिनेसने तो केला, तेव्हा चष्मा पुसणारे हात आणि विरळ केसांचं ते डोकं यांतूनच माणूस उभा राहिला.

त्याच कथेवर २०११ मध्ये पुन्हा चित्रपट निघाला. त्यात मार्क स्ट्राँग जिम प्रिडो हा हेर झाला, केसांचा टोप लावून. तीन-चार वर्षांत तोच नट ‘किंग्जमन’मध्ये मर्लिन म्हणून आला, सुटाबुटात, चष्मा लावून, पूर्ण टकलाने, आणि टक्कल असूनही तो नायकाच्या बाजूने होता.