लेझरच्या उजेडात कामाला लागणारी कर्करोगाची औषधं

कर्करोगाच्या पेशी मारणारी औषधं आपल्याकडे कमी नाहीत. अडचण आहे ती त्यांचा मारा गाठीपुरता ठेवण्याची. डॉक्सोरुबिसिनचंच घ्या. शिरेतून देताना हे लालभडक औषध नळीतून उतरताना स्पष्ट दिसतं. ते पेशीच्या डीएनएला चिकटतं आणि तिची वाढ रोखतं. पण रक्ताबरोबर ते हृदयापर्यंतही पोहोचतं आणि आजवर दिलेली एकूण मात्रा एका मर्यादेपलीकडे गेली की हृदयाचे स्नायू कायमचे दुबळे होऊ शकतात. गाठ शिल्लक असूनही डॉक्टरांना हात आखडता घ्यावा लागतो, तो अशा वेळी.

लेझरचं याच्या नेमकं उलट. त्याचा प्रकाश हवा तिथेच पाडता येतो, पण तो शरीरात खोल शिरत नाही. साधारण 630 ते 900 नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा आणि त्यालगतचा अवरक्त प्रकाश रक्त आणि पाणी त्यातल्या त्यात कमी शोषून घेतात, म्हणून उपचारांसाठी तोच निवडतात. तरीही काही मिलिमीटर आत गेल्यावर त्याचा जोर ओसरतो. गाठ खोलवर असेल तर दुर्बिणीतून किंवा सुईतून बारीक ऑप्टिकल फायबर थेट तिच्यापाशी न्यावी लागते.

औषध सगळीकडे जातं आणि प्रकाश एकाच जागी पडतो. मग दोन्ही जिथे एकत्र येतील तिथेच पेशी मरतील, अशी सोय करता येईल का? याचा धागा थेट 1900 सालापर्यंत जातो. म्युनिकमध्ये ऑस्कर राब हा विद्यार्थी अ‍ॅक्रिडीन या रंगद्रव्याचा पॅरामेशियम या एकपेशीय जीवावर काय परिणाम होतो ते तपासत होता. रंगद्रव्य तेच, प्रमाणही तेवढंच. पण उजेडात हे जीव भराभर मरत आणि अंधारात तग धरून राहत. त्याचे मार्गदर्शक हर्मन फॉन टॅपायनर यांनी काही वर्षांतच त्वचेच्या गाठींवर इओसिन हे दुसरं रंगद्रव्य लावून त्यांवर प्रकाश सोडून पाहिला. लेझर जन्माला यायला अजून अर्धशतकाहून अधिक काळ होता.

यातूनच पुढे प्रकाशगतिक उपचार, म्हणजे औषध देऊन ते प्रकाशाने जागं करण्याचे उपचार, आले. पोर्फिमर सोडियम हे त्यातलं पहिलं मान्यताप्राप्त औषध. कॅनडाने 1993 मध्ये मूत्राशयाच्या कर्करोगासाठी त्याला परवानगी दिली. इंजेक्शन दिल्यावर 40 ते 50 तास थांबतात आणि मग गाठीवर 630 नॅनोमीटरचा लेझर सोडतात. औषध प्रकाशाची ऊर्जा घेऊन शेजारच्या ऑक्सिजनला देतं आणि तो ऑक्सिजन इतका आक्रमक होतो की हाताशी येईल ते जाळत सुटतो. मात्र त्याचं आयुष्य क्षणभराचं, त्यामुळे एका पेशीची रुंदी ओलांडण्याआधीच तो संपतो.

रुग्णाला याची किंमतही मोजावी लागते. औषध त्वचेतही साठत असल्याने निदान महिनाभर कडक ऊन आणि प्रखर दिवे टाळावे लागतात. नेहमीचं सनस्क्रीन इथे उपयोगाचं नाही, कारण ते अतिनील किरण अडवतं आणि त्रास देतो तो डोळ्यांना दिसणारा प्रकाश. तरी दारं-खिडक्या बंद करून काळोखात बसायचं नसतं. घरातल्या मंद उजेडाने त्वचेतलं औषध हळूहळू निष्प्रभ होत जातं, म्हणून तो हवाच असतो. रुग्णाला ही गोष्ट नीट बसून समजावून सांगायला हवी, असं मला फार वाटतं.

मला स्वतःला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते मात्र यापुढचं पाऊल. ब्लिओमायसिन डीएनएचे तुकडे करणारं जहाल औषध आहे, पण पेशीचं आवरण त्याला सहजी आत घेत नाही. पेशी ते एंडोसोम नावाच्या इवल्या पिशवीत गुंडाळून आत ओढते. बरंचसं औषध त्या पिशवीतच अडकतं आणि तिथेच त्याची विल्हेवाट लागते. पेशीत पोहोचूनही ते डीएनएपर्यंत जात नाही! नॉर्वेतले क्रिस्टियान बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर उपाय शोधला. त्यांनी पिशवीच्या आवरणातच जाऊन बसेल असं प्रकाशसंवेदी द्रव्य वापरलं. त्यावर प्रकाश पडला की पिशवी फाटते आणि कोंडलेलं औषध मोकळं होतं. लंडनमध्ये माणसांवर झालेल्या पहिल्या चाचणीत आधी हे द्रव्य दिलं, चौथ्या दिवशी ब्लिओमायसिन आणि त्यानंतर काही तासांनी लाल लेझर. इथे प्रकाशाने पेशी जाळायची नसते, फक्त औषधाची वाट मोकळी करायची असते. त्यामुळे तो बेताचाच पुरतो.

मेंदूत लेझरच्या उष्णतेचा उपयोग होतो. कवटीला छोटं भोक पाडून फायबर आत घालतात आणि एमआरआयवर तापमान पाहत गाठ भाजतात. त्यानंतर काही आठवडे भोवतालचा रक्त-मेंदू अडसर, म्हणजे रक्तातली द्रव्यं मेंदूत शिरण्यापासून रोखणारी भिंत, सैल पडलेला आढळतो. एरवी मेंदूत न शिरणाऱ्या औषधांना तेवढ्या काळात आत जायला मिळावं, म्हणून डॉक्सोरुबिसिन देऊन पाहण्याचे प्रयोग झाले आहेत.

जपानने 2020 मध्ये डोके आणि मान या भागातल्या कर्करोगासाठी मान्य केलेल्या उपचारात सेटुक्सिमॅब या प्रतिपिंडालाच, म्हणजे ठरावीक लक्ष्य ओळखून त्याला चिकटणाऱ्या प्रथिनालाच, प्रकाशसंवेदी रंगद्रव्य जोडलं आहे. प्रतिपिंड कर्करोगाच्या पेशीला जाऊन चिकटतं, दुसऱ्या दिवशी 690 नॅनोमीटरचा प्रकाश सोडतात आणि पेशीचं आवरण काही मिनिटांत फुटतं.

या सगळ्यात क्रम चुकवून चालत नाही. जोरदार प्रकाश गाठीच्या रक्तवाहिन्या बंद पाडतो, त्यामुळे औषध नंतर दिलं तर ते आत पोहोचतच नाही. प्रकाश सौम्य ठेवला तर त्याच रक्तवाहिन्या पाझरू लागतात आणि उंदरांच्या गाठींमध्ये औषध जास्त साठलेलं दिसतं. शिवाय गाठीच्या मध्यभागी ऑक्सिजन कमी असतो, म्हणजे जिथे गरज जास्त तिथेच प्रकाशगतिक औषध लंगडं पडतं.

प्रयोगशाळेतलं यश रुग्णापर्यंत पोहोचेलच असंही नाही. उष्णतेने डॉक्सोरुबिसिन सोडणारे मेदाचे सूक्ष्म फुगे उंदरांमध्ये उत्तम चालले होते. यकृताच्या कर्करोगावरच्या मोठ्या चाचणीत गाठ तापवायला रेडिओलहरी वापरल्या होत्या, आणि त्या चाचणीत 2013 मध्ये अपेक्षित फायदा दिसला नाही. पुढे उष्णता जास्त वेळ देऊन दुसरी मोठी चाचणी घेतली, तिनेही निराशाच केली.

म्हणून आज या जोडीवर भरवसा ठेवावा तो जिथे प्रकाश नेता येतो तिथे: त्वचा, तोंड, अन्ननलिका, श्वासनलिका, मूत्राशय. कर्करोग शरीरभर पसरला असेल तर प्रत्येक ठिकाणी फायबर नेणं शक्य नसतं. तिथे रक्तातून सगळीकडे जाणारं औषधच मुख्य राहतं आणि लेझरचा उपयोग अन्ननलिका अडवणाऱ्या गाठीसारख्या एखाद्या ठिकाणी गिळणं सुकर करण्यासाठी होतो.