गोव्यात सिनेमातली ठिकाणं बघायला येताय? गाडीत बसण्याआधी वाचा

फोनवर सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: ‘तो "दिल चाहता है"वाला किल्ला दाखवणार ना?’ दाखवणार. म्हापशाहून निघणाऱ्या आमच्या फेरीत तो असतोच.

तो किल्ला म्हणजे वागातोरजवळचा शापोरा. 2001 सालच्या चित्रपटात तिघे मित्र ज्या तटावर बसून समुद्राकडे बघतात, तो तट जागेवरच आहे. वर सावली मात्र नाही. चढण थोडीच, पण वाट जांभ्याची आणि निसरड्या खडीची, त्यामुळे सपाता नकोत, बूट घाला. आम्ही चार वाजल्यानंतरच नेतो. एकदा भर बारा वाजता नेऊन बोलणी खाल्ली, तेवढी पुरे. तटाच्या कडेवर पाय सोडून फोटो काढायला आमचा ड्रायव्हर नाही म्हणेल, त्याच्यावर रागावू नका. आणि वर पोचल्यावर एवढं आठवा की आदिलशाहीतल्या ‘शाहपुरा’वरून हे नाव आलं, संभाजी महाराजांच्या बार्देशच्या स्वारीत हा किल्ला मराठ्यांकडे आला आणि आज दिसणारी तटबंदी पोर्तुगीजांच्या 1717 सालच्या बांधकामाची. सिनेमा त्यानंतरचा.

दूधसागरचं गणित वेगळं. ‘चेन्नई एक्सप्रेस’मध्ये (2013) धबधब्यासमोर आगगाडी थांबते, ते बघून लोक तसंच मागतात. आमची गाडी कुळ्यापर्यंतच जाते. पुढे अभयारण्य, तिथे फक्त तिथल्या जीप चालतात, त्याही पायथ्याशी नेतात. तिथून मान वर करून 310 मीटरचा धबधबा आणि त्याच्या मधोमध रेल्वेचा पूल दिसतो. नशीब असेल तर गाडीही जाते. रुळांवरून चालत जायला बंदी आहे, तो आग्रह कृपया धरू नये. पाणी सगळ्यात जास्त पावसाळ्यात, आणि जीप बंद त्याच दिवसांत! आम्हाला विचाराल तर दिवाळीच्या आसपास या.

‘दृश्यम’चं पांडोलिम मात्र कुठेच नेता येणार नाही. निशिकांत कामतांच्या 2015 च्या चित्रपटातलं ते गाव काल्पनिक. ‘फाइंडिंग फॅनी’तलं पोकोलिमही तसंच. ‘दृश्यम’मधल्या कुटुंबासारखी 2 ऑक्टोबरला पणजीत पावभाजी खायची हौस असेल तर ती भागवू, बिल जपून ठेवा.

‘डिअर जिंदगी’मुळे गाजलेला पर्राचा माडांचा रस्ता वाटेवरच आहे. पाच मिनिटं थांबतो, तेही कडेला. तो गावकऱ्यांचा रोजचा रस्ता आहे, मधोमध उभं राहून फोटो काढले की त्यांची बोलणी आम्हाला बसतात.

जुन्या सिनेमाचे शौकीन असाल तर आधी सांगा, साष्टीतल्या लोटलीला नेऊ. श्याम बेनेगलांचा ‘त्रिकाल’ (1985) तिथे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांच्या वडिलोपार्जित वाड्यात चित्रित झाला. घर खाजगी आहे. बाहेरूनच बघायचं, फाटक वाजवायचं नाही. आमच्या मते सगळ्या यादीत बघण्यासारखं हेच, पण मागणारे वर्षाला चार-पाच.

‘द बॉर्न सुप्रिमसी’चं पाळोळे पार काणकोणात, ते एका दिवसाच्या फेरीत बसत नाही.

शापोरा आणि दूधसागर एकाच दिवशी करून द्या, असंही विचारलं जातं. दूधसागरला पहाटे निघावं लागतं आणि परतायला संध्याकाळ होते, म्हणून ती दोन वेगळी बुकिंगं घेतो. जीपचं तिकीट आणि लाइफ जॅकेटचं भाडं आमच्या दरात धरलेलं नाही, ते कुळ्याला रोख द्यावं लागेल.