व्हाईट नाईट्स आणि अ वीक हार्ट: दोस्तोव्हस्कीच्या या दोन कथांची गल्लत का होते

रशियन लेखक दोस्तोव्हस्कीच्या या दोन कथांची सरमिसळ होणं साहजिकच आहे, कारण दोन्ही १८४८ सालच्या, दोन्ही एकाच मासिकात छापून आलेल्या, दोन्ही पीटर्सबर्गच्या आणि दोन्हीत एक हळवा पोरगा प्रेमात पडलेला. त्यात 'वीक हार्ट' हे नाव ऐकलं की वाटतं हीच ती प्रेमभंगाची गोष्ट, पण ती ही नाहीच. (कॉन्स्टन्स गार्नेटच्या जुन्या भाषांतरात हीच कथा 'अ फेंट हार्ट' नावाने सापडते, त्यामुळे अजून घोळ.)

प्रेमभंग आहे तो व्हाईट नाईट्समध्ये, ज्यावरून २००७ चा सावरिया हा हिंदी सिनेमा आला. नायक २६ वर्षांचा, त्याला नावसुद्धा नाहीये, आणि त्याला कालव्याच्या कठड्याशी रडत उभी असलेली १७ वर्षांची नास्तेंका भेटते. तिची आंधळी आजी तिचे कपडे पिनने स्वतःच्या कपड्यांना अडकवून ठेवते, त्या एका पिनेत तिचं सगळं आयुष्य कळतं बघा. वर्षभरासाठी मॉस्कोला गेलेल्या भाडेकरूची ती वाट बघत असते, चौथ्या रात्री तो येतो आणि ती त्याच्यासोबत निघून जाते. हा मात्र तिला दोष देत नाही, उलट तिचं भलंच चिंततो.

वीक हार्टमधल्या वास्या शुमकोव्हला तर सगळं मिळालेलं असतं. लिझाने होकार दिलाय, अर्कादीसारखा जीवाला जीव देणारा रूममेट आहे, साहेबही मेहेरबान आहेत. फक्त साहेबांनी दिलेलं कागद हाताने उतरवून काढायचं काम प्रेमाच्या नादात मागे पडलंय, आणि त्याच्या मनाने घेतलंय की आपण कृतघ्न, आपली एवढ्या सुखाची लायकीच नाही. मग रात्र रात्र जागून लिहीत बसतो आणि एकदा अर्कादी बघतो तर हा शाई नसलेला टाक कागदावर भराभर फिरवतोय, एकामागून एक कोरी पानं उलटतोय, आणि मग डोक्यात बसतं की काम चुकलं म्हणून आता आपल्याला सैन्यात धाडणार. आणि ते काम घाईचं नव्हतंच! इथे मला दर वेळी पुस्तक खाली ठेवावं लागतं. मला विचाराल तर दोन्हीत हीच जास्त भिडते, ज्याला नकार मिळाला तो उभा राहिला आणि ज्याला होकार मिळाला तो कोसळला, हे २६-२७ व्या वर्षी, स्वतःची अटक आणि सायबेरियातली शिक्षा अजून पुढे असताना दोस्तोव्हस्कीने लिहिलंय.

पटकन ओळखायचं तर ऋतू बघा. व्हाईट नाईट्समध्ये उन्हाळ्यातल्या उजेडी रात्री आहेत, वीक हार्ट नववर्षाच्या कडाक्याच्या थंडीत घडते, आणि शेवटाकडे अर्कादी नेव्हा नदीकाठी उभा असताना त्याला अख्खं शहर धुरासारखं विरून जाईल असं वाटतं.

त्यानंतर दोन वर्षांनी त्याला चर्चमध्ये लिझा भेटते. लग्न झालेलं, सोबत दाईच्या कडेवर बाळ. आपण सुखात आहोत, नवरा चांगला आहे असं सांगते, आणि बोलता बोलता डोळे भरून येतात म्हणून तोंड फिरवते.