काळा कडप्पा की काळा ग्रॅनाइट?

पॉलिश करून वर तेलाचा हात फिरवलेला कडप्पा दुकानात काळ्या ग्रॅनाइटशेजारी उभा केला, की सराईत माणूसही क्षणभर चकतो. स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी दगड घेताना हा घोळ महागात पडतो.

कडप्पा हा चुनखडक, आंध्रातल्या त्याच नावाच्या जिल्ह्यातला. प्राचीन समुद्राच्या तळाशी गाळाचे थर साचून तो बनला, म्हणून खाणीत त्याच्या लाद्या थराथरानेच सुटतात. काळा ग्रॅनाइट जमिनीच्या पोटात थिजलेल्या शिलारसाचा. (या नावाने विकला जाणारा बराचसा दगड भूशास्त्राच्या लेखी डोलेराइट किंवा गॅब्रो असतो, ओट्यासाठी त्याने काही बिघडत नाही.)

खरी परीक्षा आंबटाची. कडप्प्यातलं कॅल्शियम कार्बोनेट आम्लात विरघळतं. ओट्यावर रात्री कोकमाचं आगळ सांडून राहिलं, तर सकाळी पुसल्यावर तिथे निस्तेज, बोटाला किंचित खरखरीत लागणारा ठिपका दिसतो. तो डाग नव्हे, दगडाचा वरचा थरच खाल्लेला असतो. कितीही घासा, पुन्हा पॉलिश केल्याशिवाय तो जात नाही. लिंबू, चिंच, व्हिनेगर यांचंही तेच. ग्रॅनाइटवर यांचा असा परिणाम होत नाही.

घेण्याआधी दुकानदाराकडून एक तुकडा मागून घ्या आणि पॉलिश नसलेल्या बाजूवर चाकूचं टोक जोरात ओढा. कडप्प्यावर चरा पडून पांढुरकी भुकटी निघते. ग्रॅनाइटवर बहुधा चाकूच्याच धातूची रेघ उमटते. ग्रॅनाइटचा तुटका काठ उन्हात धरला तर बारीक दाणे चमकतात. कडप्पा एकसंध दिसतो, फार तर एखादी पांढरी शीर.

म्हणून कडप्पा टाकाऊ ठरत नाही. फडताळाचे कप्पे, खिडकीची बैठक, ग्रॅनाइटच्या ओट्याखालचे उभे आधार यांसाठी मी आजही डोळे झाकून तोच सुचवेन: स्वस्त, सपाट आणि वजन पेलणारा. कप्प्याचा गाळा लांब असेल तर मध्ये आधार द्या, कारण मोडताना तो वाकत नाही, सरळ तुटतो. अंगणात लावायचा तर बिनपॉलिशचा लावा. पॉलिश केलेली पायरी पावसात निसरडी होते, आणि उन्हात काळेपणाही उतरून राखाडी रंग वर येतो. मोरी धुवायचं ॲसिड मात्र त्याच्या आसपासही नेऊ नका.