श्रमदान

ग्रामीण भागातील सार्वजनिक कामासाठी मजुरी न घेता, स्वेच्छेने आणि सामूहिकरीत्या शारीरिक श्रम देण्याची प्रथा. पाणंद रस्त्याची डागडुजी, विहिरीतील गाळ काढणे, पाटाची सफाई, बंधारा घालणे, शाळेची इमारत उभारणे, स्मशानभूमीची वाट करणे ही त्याची नेहमीची रूपे होत. श्रमदान आणि लोकवर्गणी यांचा उल्लेख बहुधा जोडीने होत असला, तरी वर्गणी देऊन श्रमातून सुटका करून घेण्याची मुभा असावी की नसावी, याविषयी गावोगावचे संकेत भिन्न आहेत.

श्रमदानाच्या उगमाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. एक मत असे, की ही ग्रामसंस्थेतील प्राचीन परंपरा असून आधुनिक चळवळींनी तिचे केवळ पुनरुज्जीवन केले. या मतामागे एकोणिसाव्या शतकात रूढ झालेली स्वयंपूर्ण ग्राम-प्रजासत्ताकाची कल्पना आहे. चार्ल्स मेटकाफ या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या १८३० मधील टिपणाचा तिच्या प्रसारात मोठा वाटा होता. पुरावा म्हणून इर्जिक, सावड, वारंगुळा या चालींकडे बोट दाखवले जाते. इर्जिकीत शेजारी आपापले नांगर-बैल घेऊन एखाद्याच्या रानात उतरतात व त्या दिवसाचे जेवण शेतधन्याकडे असते. सावडीत व वारंगुळ्यात श्रमाची फेड श्रमानेच करायची असते. मात्र या सर्व चाली खासगी शेतीकामाच्या आणि परतफेडीच्या आहेत. ज्याच्याकडे बैलजोडी नाही किंवा जमीनच नाही, त्याला त्यांत बरोबरीचे स्थान क्वचितच असे. त्यामुळे त्यांना श्रमदानाचे थेट पूर्वरूप मानताना सावधगिरी बाळगणे इष्ट ठरते.

याहून जवळचे उदाहरण खानदेशातील फड पद्धतीचे आहे. पांझरा व तिच्या परिसरातील नद्यांवर दगडी बंधारे घालून पाटाने पाणी नेण्याची आणि लाभक्षेत्राचे फड (मोठे भाग) पाडून एका फडात एकच पीक घेण्याची ही व्यवस्था साधारणतः तीनशे ते चारशे वर्षे जुनी मानली जाते. मात्र सर्वच बंधारे एका काळातील नसावेत. हंगामापूर्वी पाटातील गाळ व झुडपे काढण्याचे काम लाभधारक एकत्र येऊन करीत. पाणीवाटप मात्र पाटकऱ्याकडे आणि राखण जागल्याकडे असे, व या दोघांनाही मोबदला मिळे. म्हणजे येथेही विनामोबदला श्रम हा व्यवस्थेचा एक भाग होता, संपूर्ण व्यवस्था नव्हे.

दुसरे मत गावातील विनामोबदला श्रमाचा मोठा भाग वेठीचा, म्हणजे सक्तीचा होता, याकडे लक्ष वेधते. सरकारी अंमलदाराचे सामान वाहणे, सांगावा पोहोचवणे, सरपण पुरवणे ही कामे महार व इतर कनिष्ठ मानल्या गेलेल्या जातींवर लादलेली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन (पिढीजात गावसेवा व तिच्या बदल्यातील जमीन वा हक्क) कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले, त्यामागे हेच कारण होते. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली. संविधानाच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगारीस मनाई केली आहे. तमिळ प्रदेशातील तलावांच्या देखभालीच्या ‘कुडिमरामत’ या प्रथेचा वादही याच स्वरूपाचा आहे. तिला ग्रामस्थांच्या उत्स्फूर्त सहकार्याचा नमुना म्हटले जाते. पण १८५८ मध्ये मद्रास इलाख्यात त्यासाठी सक्तीच्या श्रमाचा कायदा करावा लागला होता. डेव्हिड मॉस या मानवशास्त्रज्ञाने तर या प्रथेचे परंपरागत चित्र बऱ्याच अंशी वसाहतकालीन प्रशासनाने घडवलेले असल्याचे प्रतिपादन केले आहे. एकंदर पुरावा पाहता, आजच्या अर्थाने श्रमदान ही मुख्यतः विसाव्या शतकातील घडण असून तिने जुन्या सहकार्याच्या चालींतून काही रीती उचलल्या, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. पश्चिम मध्य प्रदेशातील भिल्लांची ‘हलमा’ ही प्रथा मात्र या निष्कर्षाला काहीसा अपवाद ठरते, कारण तीत हाकेला धावून जाणे ही साऱ्या समूहाची जबाबदारी असते.

महाराष्ट्रात या घडणीचे श्रेय अनेकांकडे जाते. सेनापती बापट यांनी पारनेर येथे हाती झाडू घेऊन ग्रामसफाई आरंभली. गाडगेबाबा (१८७६–१९५६) गावात शिरताच प्रथम खराट्याने रस्ते झाडीत. जे काम जातीने ठरलेले व हीन मानलेले होते ते सर्वांदेखत स्वतः करणे, हा या दोन्ही उपक्रमांचा गाभा होता, आणि वेठ व श्रमदान यांतील भेद त्यातूनच जनमानसात ठसला. महात्मा गांधींचा विधायक कार्यक्रम, तुकडोजी महाराजांचे (१९०९–१९६८) मोझरीच्या गुरुकुंजातून चाललेले ग्रामसुधारणेचे कार्य, राष्ट्र सेवा दलाची पथके आणि विनोबांच्या भूदान चळवळीने (१९५१ पासून) दानाच्या कल्पनेला दिलेला विस्तार यांनी ही धारा पुढे नेली. बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीमुळे शहरी तरुण तिच्याशी जोडले गेले.

स्वातंत्र्योत्तर काळात शासनाने श्रमदानाला योजनेत स्थान दिले. सामुदायिक विकास कार्यक्रम २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झाला, तेव्हा लोकसहभाग ही त्याची पायाभूत अट होती. तथापि हा कार्यक्रम लोकांचा पुढाकार जागवू शकला नाही, असा निष्कर्ष बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये काढला. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये ३७ विद्यापीठांत सुरू झाली व तिच्या सात दिवसांच्या निवासी शिबिरांमुळे श्रमदान हा महाविद्यालयीन जीवनाचा परिचित भाग बनला. राळेगणसिद्धी येथे १९७५ नंतर झालेल्या पाणलोट विकासात श्रमदान हे नसबंदी, नशाबंदी, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी यांच्या बरोबरीचे सूत्र ठरले आणि १९९२ च्या आदर्श गाव योजनेने ते स्वीकारले. पानी फाउंडेशनच्या वॉटर कप या गावांमधील जलसंधारणाच्या स्पर्धेने (२०१६–२०१९) तीन तालुक्यांपासून आरंभ करून शेवटच्या वर्षी ७६ तालुके गाठले. तथापि ४५ दिवसांच्या स्पर्धेत जागवलेला उत्साह आणि वर्षानुवर्षे टिकणारी व्यवस्था या एकच गोष्टी नव्हेत.

श्रमदानाची कामे वरवर सोपी दिसली, तरी त्यांना नेमकेपणा लागतो. डोंगरउतारावरील सलग समतल चरात पाणी एका टोकाला धावू नये, म्हणून तळ समपातळीत असावा लागतो. पाणी भरलेली पारदर्शक नळी दोन मोजपट्ट्यांना बांधून समान उंचीचे बिंदू काढतात, त्यांवर फक्कीची रेघ ओढतात आणि मगच टिकाव मारतात. चर साधारणतः ६० सेंमी रुंद व ३० सेंमी खोल असून निघालेली माती उताराच्या खालच्या अंगाला रचतात. ती वरच्या बाजूस टाकल्यास पहिल्याच पावसात पुन्हा चरात येते. अननुभवी गटांकडून हा दोष वारंवार घडतो. वनराई बंधारा पावसाळा ओसरल्यावर, ओढ्यात धार असतानाच घालतात. सिमेंटची रिकामी पोती वाळूमातीने भरून तोंडे शिवतात व विटांच्या थरांप्रमाणे सांधे चुकवत रचतात. काठोकाठ भरलेली पोती एकमेकांवर नीट बसत नाहीत आणि मधल्या फटींतून पाणी निसटते, म्हणून ती थोडी रिकामी ठेवतात. पुढच्या पुरात बंधारा वाहून जाणार हे गृहीतच असते. दर वर्षी गावाला एकत्र यावे लागणे, ही त्याची उणीव म्हणावी की गुण, याबद्दल कार्यकर्त्यांत मतभेद आहेत.

अनुदानित योजनांत श्रमदानाचे पैशांत मोजमाप होते. इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमात अकुशल मजुरीच्या किमान १६ टक्के वाटा श्रमदानाचा धरला जाई व भूमिहीन कुटुंबांना त्यातून सूट असे. जल जीवन मिशनमध्ये (२०१९) गावांतर्गत कामांच्या भांडवली खर्चाच्या १० टक्के, तर डोंगराळ, वनक्षेत्रातील किंवा अनुसूचित जाती-जमातींची बहुसंख्या असलेल्या गावांत ५ टक्के लोकवाटा अपेक्षित असून तो श्रमरूपानेही देता येतो. अशा मोजमापामुळे श्रम ऐच्छिक राहतो का, हा प्रश्न उपस्थित होतो. मजुरीतून ठरावीक रक्कम कापून ती श्रमदान म्हणून दाखवण्याची पद्धत पाणलोट कामांत टीकेचा विषय झाली आहे. रोजगार हमी योजनेमुळे तेच चर व बंधारे मजुरीवर होऊ लागल्याने, फुकट राबायचे कोणी आणि का, हा प्रश्नही टोकदार बनला.

लाभाची विषम वाटणी हा सर्वांत गंभीर आक्षेप होय. माथ्यावर चर खणल्यावर पाणी वाढते ते पायथ्याच्या विहिरींत, म्हणजे बहुधा बागायतदारांच्या मालकीत. खणणाऱ्यांत मात्र भूमिहीन व स्त्रिया मोठ्या संख्येने असतात. चराईबंदीचा भारही शेळ्यामेंढ्यांवर जगणाऱ्यांवरच अधिक पडतो. हिवरे बाजारसारख्या गावांनी बोअरवेलबंदी व पीकनिवडीचे नियम केले, ते वाढलेले पाणी काही मोजक्यांनीच उपसू नये म्हणून. हे नियम जेथे आधी ठरले तेथे लोक पुन्हा कामावर आले. जेथे केवळ उत्साहावर काम उभे राहिले, तेथे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी गाळ काढायलाही माणसे मिळेनाशी झाली.

स्थलांतराचा परिणाम कोकणात विशेष दिसतो. साकव (ओढ्यावरील लहान पूल) घालणे, पाखाडी (दगडी पायवाट) नीट करणे, पाट साफ करणे ही कामे वाडीतील माणसे मिळून करीत; तरुण मुंबईला गेल्याने ती वृद्धांवर व स्त्रियांवर आली. चाकरमान्यांची ग्रामस्थ मंडळे वर्गणी पाठवतात आणि मे महिन्यात किंवा गणपतीला गावी आल्यावर एखादे काम उरकतात. मात्र पाटाची सफाई पावसाळा संपल्यावर करावी लागते, आणि त्या दिवसांत मंडळी परत गेलेली असतात.